राजवट जाते, शेजार राहतो

२८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमधील मंडाले व सगाइंग परिसर भूकंपाने हादरला आणि भारताने ‘ऑपरेशन ब्रह्मा’ या नावाने तत्काळ साहाय्य धाडले. मंडालेत भारतीय लष्कराच्या रुग्णालयात जखमींवर उपचार झाले. हे मंडाले मराठी मनाला परके नाही. १९०८ ते १९१४ या काळात लोकमान्य टिळक तेथील कारागृहात होते. ‘गीतारहस्य’ तेथेच लिहिले गेले. ज्यांच्यासाठी हे साहाय्य गेले ती जनता आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी लोकनियुक्त सरकार उलथून सत्ता बळकावणारे लष्करशहा यांतला भेद ओळखणे, हीच भारताच्या म्यानमारनीतीची खरी कसोटी आहे.

या नीतीने दोन्ही टोके अनुभवली आहेत. ऑगस्ट १९८८ च्या उठावानंतर भारत उघडपणे लोकशाहीवाद्यांच्या बाजूने उभा राहिला. सीमा ओलांडून आलेल्या विद्यार्थ्यांना आश्रय मिळाला. १९९० च्या निवडणुकीत आंग सान स्यू ची यांच्या पक्षाने ४९२ पैकी ३९२ जागा जिंकल्या. सेनापतींनी तो जनादेश केराच्या टोपलीत टाकला. पाश्चात्त्यांच्या निर्बंधांनी ते नमले नाहीत. उलट चीनच्या अधिक जवळ गेले. इकडे १,६४३ किलोमीटर लांबीच्या सीमेपलीकडे ईशान्येतील बंडखोरांचे तळ होतेच. त्यामुळे नव्वदच्या दशकात दिल्लीने धोरण बदलले, ते अपरिहार्यच होते. २००१ मध्ये भारताने बांधलेला तामू-कलेवा-कलेम्यो मार्ग खुला झाला. २००४ मध्ये सेनाप्रमुख थान श्वे दिल्लीत आले. मे २०२० मध्ये म्यानमारने २२ बंडखोर भारताच्या हवाली केले. संवादाची ही फळे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु संवाद आणि मौन यांत अंतर असते. सप्टेंबर २००७ मध्ये भगव्या वस्त्रांतील हजारो बौद्ध भिक्खू रस्त्यावर उतरले असताना भारताचे पेट्रोलियम मंत्री मुरली देवरा वायुशोधाच्या करारांसाठी म्यानमारमध्ये होते. त्या मौनाच्या मोबदल्यात काय पदरी पडले? ‘श्वे’ वायुक्षेत्रात भारतीय सार्वजनिक कंपन्यांची भागीदारी असूनही २०१३ पासून तेथील वायू वाहू लागला तो चीनच्या युनान प्रांताकडे. हुकूमशहा कृतज्ञतेने बांधला जात नाही. ज्याच्याकडे सुरक्षा परिषदेतील नकाराधिकार आहे, त्याच्याकडे तो झुकतो.

सुधारणांच्या आशेचेही असेच झाले. लष्कराने लिहिलेल्या २००८ च्या संविधानात संसदेच्या एक चतुर्थांश जागा सेनेसाठी राखीव होत्या आणि महत्त्वाच्या घटनादुरुस्तीसाठी तीन चतुर्थांशांहून अधिक मते आवश्यक होती. किल्ली सेनापतींच्याच कमरेला राहिली. २०११ नंतर दार किलकिले झाले, २०१५ मध्ये जनतेने सरकार निवडले. परंतु २०२० मध्ये तोच कौल पुन्हा येताच दार धाडकन बंद झाले. वरून दिलेली सुधारणा वरूनच काढून घेता येते. म्हणूनच २८ डिसेंबर २०२५ पासून बंदुकीच्या छायेत टप्प्याटप्प्याने झालेल्या मतदानाला सुधारणेची पहाट मानणे भाबडेपणाचे ठरेल. खरी कसोटी वेगळीच आहे. १९४७ च्या पांगलाँग करारात सीमावर्ती जनजातींना अंतर्गत कारभाराची स्वायत्तता देण्याचे तत्त्व मान्य झाले होते. ते प्रत्यक्षात येईल तेव्हाच सुधारणेची भाषा खरी ठरेल.

दरम्यान सीमेवरचे वास्तवच पालटले आहे. सितवे बंदर भारताने उभारले. २०२३ मध्ये तेथे पहिले मालवाहू जहाज लागले. मात्र तेथून कलादान नदीने मिझोरामकडे येणाऱ्या मार्गावरील पलेत्वा नगर जानेवारी २०२४ मध्ये आराकान आर्मीने जिंकून घेतले. ज्या सेनेच्या भरवशावर हा प्रकल्प आखला, तिचेच शेकडो सैनिक जीव वाचवण्यासाठी मिझोराममध्ये शिरले आणि त्यांना माघारी पाठवावे लागले. तेथे आपल्या चिन बांधवांना मिझो समाजाने आधीच थारा दिला होता.

यातून निघणारा बोध सरळ आहे. राजधानी नेपिडोशी बोलणे सोडू नये. शेजार निवडता येत नाही. परंतु राजवटीला देश समजू नये. आराकान, चिन, काचिन भागांतील शक्तींशी संपर्क, निर्वासितांशी माणुसकीचा व्यवहार, तेथील तरुणांना भारतीय विद्यापीठांत प्रवेश, बौद्ध विहारांशी असलेल्या प्राचीन नात्याचे जतन आणि गरज पडेल तेव्हा हिंसेविरुद्ध स्पष्ट शब्द, हे राष्ट्रहिताच्या आड येणारे नव्हे, तर राष्ट्रहिताला दीर्घायुष्य देणारे आहे.

१९०८ मध्ये लोकमान्यांना मंडालेत डांबणारी सत्ता अजिंक्य भासत होती. अवघ्या चाळीस वर्षांत, ४ जानेवारी १९४८ रोजी, तिचा ध्वज ब्रह्मदेशातून उतरला. ते सिंहासन गेले, भूमी राहिली, माणसे राहिली. उद्या त्या माणसांच्या हाती त्यांचा देश येईल, तेव्हा भारताचे नाव ते कोणत्या भावनेने उच्चारतील, हे आजच्या व्यवहारावर ठरणार आहे.