‘सरकारी संत’ म्हणणाऱ्यांनी पवनारची जप्ती आठवावी

वर्ध्याच्या एका अंगाला सावंगी (मेघे), दुसऱ्या अंगाला धाम नदीकाठचे पवनार. सावंगीत जवाहरलाल नेहरूंच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला जोडून आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून येणारा रुग्ण विनोबांच्या नावाची पाटी पाहूनच आत शिरतो. पण हे विनोबा कोण, असे आजच्या सुशिक्षित तरुणास विचारले, तर ‘भूदान’ या एका शब्दापलीकडे उत्तर जात नाही. पुरोगामी म्हणविणाऱ्या विचारवंतास विचारले, तर दोन शब्द मिळतात : ‘सरकारी संत’. सत्त्याऐंशी वर्षांच्या तपश्चर्येचा निकाल दोन शब्दांत लावण्याचे हे धाडस कोठून येते?

ज्या शब्दप्रयोगावरून हे बिरुद चिकटविले गेले, त्याची कुळकथा पाहावी. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांनी वर्षभराचे मौन धरले होते. त्या काळात ‘अनुशासन पर्व’ हे महाभारतातील एका पर्वाचे नाव त्यांच्याकडून पुढे आले आणि आणीबाणीच्या राज्यकर्त्यांनी ते उचलून भिंतीभिंतींवर रंगविले. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला, की सत्तेचे असते ते शासन. अनुशासन असते ते निर्भय, निर्वैर आणि निःपक्ष आचार्यांचे. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी पवनारला आचार्यांचे संमेलनही बोलाविले. पण भिंतीवरची घोषणा देशभर पोहोचली. खुलासा पवनारच्या कुंपणाबाहेर फारसा जाऊ दिला गेला नाही. वृत्तपत्रांवर तेव्हा सेन्सॉर होता, हे सांगावयास नकोच.

पुढचे प्रकरण तर सोयिस्करपणे गाळलेच जाते. गोहत्याबंदी न झाल्यास ११ सप्टेंबर १९७६ पासून, म्हणजे स्वतःच्या जन्मदिनापासून, आपण आमरण उपोषण करू, असे विनोबांनी जाहीर केले. ते वृत्त ‘मैत्री’ मासिकात छापले गेले आणि जूनमध्ये पोलिसांनी पवनारच्या आश्रमात शिरून अंकाच्या प्रती जप्त केल्या. जो संत सरकारचा, त्याच्या आश्रमावर सरकार पोलीस पाठविते काय? अखेर दिल्लीला आश्वासन द्यावे लागले, तेव्हा ते उपोषण टळले. १९७९ च्या एप्रिलमध्ये केरळ आणि पश्चिम बंगालमधील बंदीसाठी त्यांनी उपोषण केले, तेव्हा दिल्लीत काँग्रेसचे नव्हे, जनता पक्षाचे राज्य होते. गाईसाठी त्यांनी ना इंदिराजींची भीड बाळगली, ना मोरारजींची. १९८२ च्या जानेवारीत मुंबईतील देवनारचा सत्याग्रहही त्यांच्याच आदेशाने सुरू झाला. पुरोगाम्यांची खरी अडचण हीच आहे. गांधींचा पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून १९४० चे विनोबा त्यांना चालतात. गोरक्षणासाठी प्राण पणाला लावणारे विनोबा चालत नाहीत.

विद्वान म्हणून तरी त्यांची कदर झाली काय? १९३०-३१ मध्ये त्यांनी ‘गीताई’ रचली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी उतरवून घेतली आणि पुढे ती भारतीय भाषांत पोहोचली. ज्ञानेश्वरी, उपनिषदे यांच्यासह धम्मपद आणि कुराण यांचाही अभ्यास या माणसाने मूळ भाषांतून केला. १९५९ मध्ये पवनारला ब्रह्मविद्या मंदिर स्थापून स्त्रियांसाठी ब्रह्मसाधनेचे दार त्यांनी उघडले. स्त्रीमुक्तीच्या चर्चासत्रांत या प्रयोगाचे नाव किती वेळा निघते?

भूदानातील बरीच जमीन खडकाळ निघाली, वाटपही रखडले, हा आक्षेप खरा आहे. पण १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर दिली, तेव्हा त्याच तेलंगणात जमिनीसाठी साम्यवाद्यांच्या बंदुका चालत होत्या. रक्ताचा थेंब न सांडता भूमी मागता येते, हे एका अनवाणी ब्राह्मणाने सिद्ध केले. डाव्यांना ते रुचले नाही, यात नवल कसले!

येथे स्वयंसेवकांनीही अंतर्मुख व्हावयास हवे. मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामच्या बैठकीत विनोबांनी संघावर कठोर, अन्याय्य टीका केली होती. आणीबाणीत ‘मिसा’खाली तुरुंगात गेलेल्यांच्या मनात ‘अनुशासन पर्व’ हा शब्द काट्यासारखा रुतून बसला. ‘सरकारी संत’ हे बिरुद त्यांच्याही तोंडी होते. ती वेदना खोटी नव्हती. आणीबाणीविरुद्ध विनोबांनी अधिक स्पष्ट बोलावयास हवे होते, असे आजही म्हणता येईल. पण थोर माणसाचे मोल तो आपल्याविषयी काय बोलला, यावर ठरवावयाचे काय? तसे केले, तर पुरोगाम्यांत आणि आपल्यात अंतर ते काय राहिले?

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी अन्न, पाणी व औषध त्यागून विनोबांनी शांतपणे देह ठेवला. पुढच्या वर्षी शासनाने त्यांना भारतरत्न दिले आणि मग सारे काही विसरून टाकले. नाव पाटीवर राहिले, विचार कपाटात गेला. ही भरपाई शासनाने करावी, म्हणून वाट पाहण्याचे कारण नाही. घरोघरी सायंकाळी ‘गीताई’चा एक अध्याय वाचला जावा, शाखेच्या बौद्धिकात पवनारच्या त्या जप्तीची कथा सांगितली जावी. मग सावंगीच्या पाटीवरील नाव नव्या पिढीला केवळ रुग्णालयाचे नाव वाटणार नाही.