सहा जणांची आशा, एक मूल

चीन देशांत १९८० च्या सुमारापासून २०१५ पर्यंत बहुतेक शहरी कुटुंबांस एकाच अपत्याचा दंडक होता. त्यामुळें आईबाप व दोन्हींकडचे आजीआजोबा, अशा सहा जणांची आशा एकाच मुलावर येऊन ठेपली. ‘गाओकाओ’ ही प्रवेशपरीक्षा त्या आशेची कसोटी ठरली. २०२४ सालीं तीस १ कोटी ३४ लाख विद्यार्थ्यांनीं नांवें नोंदविलीं. आत्मघाताच्या विचाराला एकच कारण नसतें. परंतु अपयशानें घराण्याची लाज गेली, आपण आईबापांस भार झालों, ही समजूत मनांत कोंडून राहिली कीं कित्येक तरुणांस जीवित नकोसें होतें. आमच्या मतें परीक्षेहून घरांतील अबोला अधिक घातक होय. पालकहो, प्रेम गुणांवर अवलंबून नाहीं, हें निकालापूर्वींच मुलांस सांगा. विद्यार्थिमित्रहो, मन जड झाल्यास आईबापांजवळ वा गुरुजनांजवळ तें मोकळें करा. त्यांत कमीपणा नाहीं.