विलंब शुल्क कोणाला लावताय?

मी एका शिशुगृहाच्या कामात मदत करते. परवा दत्तक गेलेल्या बाळाच्या जन्मदाखल्यासाठी गेले, तर खिडकीतून उत्तर आलं, "नोंद उशिरा आहे, विलंब शुल्क भरा."

अहो, उशीर केला कोणी? रस्त्यावर सापडलेल्या बाळानं?

१९६९च्या कायद्यात विनाशुल्क नोंदीची मुदत २१ दिवस. आणि दोन वर्षांखालचं टाकून दिलेलं मूल दत्तकासाठी मुक्त जाहीर करायला बाल न्याय कायदाच दोन महिने देतो. पुढे जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. म्हणजे वेळ सरकारी प्रक्रियेचा आणि भुर्दंड बाळाच्या माथी!

रक्कम किरकोळ आहे, मान्य. पण चलन, प्रतिज्ञापत्र, खेपा? आमचं शिशुगृह देणग्यांवर चालतं. तो पैसा दुधाच्या डब्यांचा आहे.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागतो. मग ज्याला कुणीच नव्हतं, त्याच्याकडून तरी पैसे घेऊ नका.

मागणी एकच: मान्यताप्राप्त दत्तक संस्थांना नोंद, दुरुस्ती आणि प्रत, तिन्ही मोफत. तसा शासन निर्णय काढा. पटलं तर आपल्या आमदारांना टॅग करा.