शब्दांचे नाते : सून

विवाहाच्या निमंत्रणपत्रिकेत अगर सत्काराच्या फलकावर 'ज्येष्ठ सुन' अशी अक्षरे पुष्कळदा आढळतात. 'सु' ऱ्हस्व काढणे ही चूक लहान खरी. परंतु त्या एका उकारात या शब्दाचा सारा पूर्वेतिहास साठविलेला आहे.

तत्सम शब्द वगळता, मराठी अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार व उकार दीर्घ लिहावेत, असा नियम आहे. म्हणून 'सून', 'सूनबाई', 'नातसून', 'सूनमुख'. अनेकवचनी वा विभक्तिप्रत्यय लागताना मात्र तोच उकार ऱ्हस्व होतो : 'सुना', 'सुनेला', 'सुनांनी'. 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' ही म्हण ध्यानात ठेवली तरी पुरे. तीत सासूचा 'सू' दीर्घ राहतो, सुनेचा 'सु' ऱ्हस्व होतो.

या शब्दाचे मूळ संस्कृत 'स्नुषा'. उच्चारास अवघड असलेले हे रूप प्राकृतात 'सुण्हा' असे मृदू झाले. पुढे मराठीत 'ण्ह' हे जोडाक्षर लोपले आणि त्याच्या भरपाईदाखल आधीचा उकार दीर्घ झाला. 'सुण्हा'ची 'सून' झाली. 'सू' दीर्घ लिहिणे म्हणजे गळून गेलेल्या त्या जोडाक्षराची आठवण राखणे होय. गुजरातीतील 'वहु' व हिंदीतील 'बहू' यांचे मूळ निराळे. ते शब्द 'वधू'पासून आले. मराठीत वधू ही विवाहसोहळ्यापुरती. सून हे नाते आयुष्यभराचे.

'स्नुषा'चे सगेसोयरे दूरदेशीही आहेत. लॅटिनमधील 'नुरुस', रशियनमधील 'स्नोखा' व जुन्या इंग्रजीतील 'स्नोरू' हे सर्व एकाच प्राचीन शब्दाचे वंशज असून त्यांचा अर्थही सून असाच आहे.

जैन वाचकास 'सुण्हा' हे रूप परके नाही. श्वेतांबर परंपरेतील सहावे अंग 'ज्ञाताधर्मकथा' याच्या सातव्या अध्ययनात राजगृहाच्या धन्य सार्थवाहाच्या चार सुनांची कथा येते. तेथे त्यांच्यासाठी हाच शब्द योजिला आहे. सासऱ्याने प्रत्येकीस भाताचे पाच दाणे जपून ठेवण्यास दिले. उज्झिकेने ते टाकून दिले, भोगवतीने खाल्ले, रक्षिकेने डबीत जपले. रोहिणीने ते माहेरच्या माणसांकडून पेरविले व प्रतिवर्षी वाढविले. पाचव्या वर्षी दाणे परत मागितले, तेव्हा रोहिणीचे धान्य आणण्यास गाड्या लागल्या. रक्षिकेच्या हाती भांडार आले आणि रोहिणीच्या हाती घराचा कारभार. ते पाच दाणे म्हणजे पाच महाव्रते, असा बोध तेथेच सांगितला आहे.

'ही आमची सून नव्हे, मुलगीच' असे कौतुकाने म्हणण्याचा आज प्रघात आहे. त्यामागील माया खरी. परंतु नकळत त्यातून 'सून' हा शब्द उणा ठरतो. धन्य सार्थवाहाने रोहिणीस मुलगी म्हणविले नाही; सून म्हणूनच तिच्यावर विश्वास टाकला आणि घर तिच्या स्वाधीन केले. शब्दाचा मान शुद्ध लिहिण्याने राखला जातो, नात्याचा मान विश्वासाने. घरात आलेल्या सुनेच्या हाती आपण कोणते दाणे देतो, हा प्रश्न प्रत्येक सासू-सासऱ्याने स्वतःस विचारावा.