स्वस्त डेटा नेमका कुणाच्या हातात आहे?

इंटरनेटचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: आपल्याकडे डेटा जगात सर्वांत स्वस्तांपैकी आहे, मग आता अडचण कसली? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आले आणि भाव कोसळले, हे खरेच आहे. महिनाभर एक जीबी पुरवून वापरणारे आपण रोज दीड जीबी संपवू लागलो. पण गरिबाच्या घरात इंटरनेट आले, असे मी म्हणणार नाही. आला आहे तो एक मोबाइल, आणि तो घरातल्या एका माणसाच्या खिशात असतो.

मालेगाव किंवा भिवंडीच्या यंत्रमाग वस्तीतले एखादे घर घ्या. एक खोली, सहा-सात माणसे, स्मार्टफोन एक, फार तर दोन. अब्बा कारखान्यात गेले की एक त्यांच्याबरोबर जातो. दुसरा थोरल्या भावाकडे. अम्मीच्या हातात तो रात्री येतो, माहेरी बोलण्यापुरता. मुलीची पाळी त्यानंतर, बॅटरी आणि डेटा उरला तर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के निघाले, स्त्रिया ३३ टक्के. देश एक, दर एक, पुष्कळदा छप्परही एकच. हा फरक डेटाच्या भावाने पडलेला नाही.

म्हणून घरातली लाइन वेगळी. ती कुणाच्या खिशात जात नाही. पाच जणांना एकाच बिलात पुरते. पण लाइन कुठे टाकायची हे कंपनी ठरवते आणि तिचे गणित सरळ आहे. 'तुमच्या भागात आमची केबल येत नाही' हे उत्तर मी स्वतः ऐकले आहे. रस्त्यापलीकडच्या सोसायटीत मात्र तीन-तीन कंपन्यांच्या वायरी लोंबतात. मोबाइलवर भागवा म्हणावे, तर जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. दोन फोनचे रिचार्ज एकदम करणे ज्या घराला झेपत नाही, तिथे बंद कुणाचा फोन पडतो हे सांगायला नको.

सरकार काही करत नाही, असे नाही. गावोगावी फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाला त्याच कामासाठी आणखी १ लाख ३९ हजार कोटी मंजूर करावे लागले. शिवाय मोजमाप ग्रामपंचायतीचे, त्यामुळे महापालिकेच्या हद्दीतली झोपडपट्टी या हिशेबातच नाही. केरळने के-फोन काढून २० लाख गरीब कुटुंबांना फुकट लाइन देण्याचे जाहीर केले. जून २०२३ मध्ये उद्घाटन झाले, पहिल्या टप्प्यात कुटुंबे धरली १४ हजार. वेग चिंताजनक आहे, पण दिशा मला पटते. त्यांनी निदान घर मोजले.

आता आपल्याकडे वळतो, कारण सगळे सरकारवर ढकलून मोकळे होणे सोपे असते. २०१९ मध्ये केरळातल्याच एका कॉलेजच्या वसतिगृहाने नियम केला: मुलींनी संध्याकाळी सहा ते दहा फोन जमा करायचे. अभ्यासाची वेळ म्हणे. एका मुस्लिम विद्यार्थिनीने नकार दिला, तिला वसतिगृहातून काढले, ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला परत घ्यावे लागले. आपल्या मोहल्ल्यात असा खटला एखाद्या मुलीने केला असता तर किती घरांनी तिची बाजू घेतली असती? 'फोनने मुली बिघडतात' म्हणणाऱ्यांचे मुलगे रात्री दोन वाजेपर्यंत चौकात रील बघत बसलेले असतात. त्यांच्या बिघडण्याची काळजी कुणाला दिसत नाही.

डिसेंबर २०२० पासून पीएम-वाणी नावाची योजना आहे. तिच्यात किराणा दुकानदारसुद्धा परवान्याशिवाय, फी न भरता सार्वजनिक वाय-फाय चालवू शकतो. २०२२ पर्यंत देशात एक कोटी वाय-फाय ठिकाणे उभारण्याचे धोरण २०१८ मध्येच ठरले होते; त्या आकड्याच्या जवळपासही आपण गेलेलो नाही. दुकानदाराला त्यात फारसे सुटत नाही, हे मान्य. पण अंजुमनला, जमातीला, मशिदीच्या कमिटीला नफा कुठे हवा आहे? फरशी आणि लाउडस्पीकरसाठी वर्गणी जमतेच. वाचनालयाच्या एका खोलीत लाइन, दोन जुने संगणक, एक प्रिंटर. दुपारी दोन ते सहा फक्त मुली आणि बायांसाठी, देखरेखीला वस्तीतलीच एखादी शिकलेली आपा, तिला मानधन. केबलवाला नाही म्हणाला तर कमिटीच्या शिक्क्याचा अर्ज घेऊन दहा जणांनी जावे. एकट्या भाडेकरूला मिळते ते उत्तर दहा जणांना सहसा मिळत नाही.

शिष्यवृत्तीचे अर्ज आता पोर्टलवरच भरावे लागतात. शेवटच्या आठवड्यात सायबर कॅफेबाहेर मुलांच्या आयांची रांग लागते, एका अर्जाचे शंभर-दीडशे रुपये जातात, आणि ओटीपी ज्या फोनवर येतो तो त्या वेळी कारखान्यात असतो. ही खोली पुढच्या अर्जांच्या आत उघडायला हवी.