गुडघा बदलण्याआधी कानातल्याची चौकशी

गुडघ्याच्या वाट्या बदलण्याचे ऑपरेशन आता शिरूर-दौंड भागात नवलाचे राहिलेले नाही. जन्मभर खुरपणी केलेल्या साठीच्या बायका पुण्याला जाऊन ते करून येतात. आधी रक्त, लघवी, छातीचा फोटो, कार्डिओग्राम, साखर असे सारे तपासले जाते. एक साधा प्रश्न मात्र बहुधा राहूनच जातो. "बाई, बेंटेक्सचे कानातले घातले तर कान चिघळतो का?"

प्रश्न पोरकट वाटेल, पण त्याला आधार आहे. खोट्या दागिन्यांत पुष्कळदा निकेल असते. घामाबरोबर ते कातडीत उतरते आणि काहींच्या शरीराला त्याचे वावडे जडते. मग कानाची पाळी, खोट्या मंगळसूत्राखालचा गळा, घड्याळाखालचे मनगट, पँटच्या बटणाखालची बेंबीजवळची जागा लाल होते, खाजते, तिला पाणी सुटते. गवंड्यांच्या हातांना सिमेंटने जो इसब होतो, त्याच्या मुळाशी बरेचदा क्रोमियम असते. असे वावडे एकदा जडले की सहसा जात नाही. आता नेहमीच्या कृत्रिम गुडघ्याचा मांडीकडचा भाग कोबाल्ट-क्रोमियमचा असतो, त्यात निकेलचाही अंश असतो. मोडलेल्या हाडाला लावतात त्या स्टीलच्या प्लेटमध्ये तर निकेल १० टक्क्यांहून अधिक असते.

मग सर्वांनीच तपासणी करावी काय? माझे मत स्पष्ट नाही असे आहे. शंभरात दहा-पंधरा जणांच्या कातडीला कुठल्यातरी धातूचे वावडे असते, परंतु आत बसवलेल्या धातूने त्यामुळे त्रास झालेले शंभरात एकही भरत नाहीत. सरसकट तपासणीने माणसे उगाच घाबरतील आणि महागडा सांधा गळ्यात मारणाऱ्यांचे फावेल. एएसआर नावाचा कृत्रिम खुबा २०१० साली जगभरातून परत घेतला गेला, तेव्हापासून 'धातू बाधला' हे शब्द लोकांच्या कानावर आहेत. तेथे कोबाल्ट-क्रोमियमचे दोन भाग एकमेकांवर घासून धातूचा कीस शरीरात उतरत होता. तो बनावटीचा दोष होता. कातडीची तपासणी करून तो टळला नसता.

ज्याला दागिन्याने, घड्याळाने, सिमेंटने किंवा पूर्वी बसवलेल्या प्लेटने पुरळ उठला आहे, त्याने मात्र ही पॅच टेस्ट जरूर करावी, तीही ऑपरेशनच्या महिनाभर आधी. ती त्वचारोगतज्ज्ञ करतात. सुई नाही, रक्त नाही. धातूंच्या क्षारांच्या चकत्या पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, आणि चौथ्या दिवशी किंवा त्यानंतर पुन्हा पाठ पाहतात. म्हणजे पुण्याच्या तीन फेऱ्या. दौंडकरांना निदान रेल्वे आहे, शिरूरकरांच्या नशिबी वाघोलीची कोंडी! या दिवसांत पाठ भिजवायची नाही, घामाचे काम करायचे नाही. त्यामुळे भर वैशाखात नको. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असल्या तर निकाल फसवा येतो. गुडघेदुखीवर कुणाकुणाकडून आणलेल्या पुड्यांतही स्टिरॉइड निघते, तेव्हा त्या पुड्याही डॉक्टरांना दाखवाव्यात.

वावडे निघाले म्हणून ऑपरेशन रद्द होत नाही. टायटॅनियमचा किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा सांधा मिळतो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये आणि या दुसऱ्या प्रकाराला ७६,६०० रुपये ठरले होते, कर वेगळा. फरक बावीस हजारांच्या आतला. नुसत्या सांध्यापोटी लाखभर जादा सांगणाऱ्याकडे लेखी हिशेब मागावा.

नगर रस्त्यावर अपघातात हाड मोडले तर तपासणीची वाट पाहत बसू नये. हाड जुळल्यावर प्लेट काढता येते, गुडघ्याचे तसे नाही. आणि ऑपरेशननंतर गुडघा दुखू-सुजू लागला तर 'धातू बाधला' म्हणून घरी बसू नये. आधी जंतुसंसर्ग नाही ना, सांधा सैल झालेला नाही ना, हे पाहावे लागते.

हाडांच्या डॉक्टरांना माझी विनंती आहे की ॲडमिशनच्या कागदावर कानातल्याबद्दल एक ओळ वाढवावी. ती येईपर्यंत, आयाबायांनो, विचारले नाही तरी आपणच सांगत चला.