आवृत्ती नेमकी कशाची?

मराठी ग्रंथव्यवहारात 'दुसरी आवृत्ती' या दोन शब्दांखाली काय काय खपून जाते, हे वाचकांना सांगावयास नको. कधी ग्रंथ मुळातून नव्याने लिहिलेला असतो, कधी दोन प्रकरणांची भर पडलेली असते, तर कधी जुनेच पुनर्मुद्रण नव्या मुखपृष्ठात बांधलेले असते. यात ग्राहकाचे शे-दोनशे रुपये जातात, एवढेच. हाच सैलपणा रुग्णाच्या संगणकीय नोंदीत शिरला, तर त्याचे मोल रुग्णास मोजावे लागते.

संगणकात 'रक्तदाब १४०/९०' एवढे लिहून भागत नाही. रुग्ण बसलेला होता की आडवा, दंडावरील पट्टा केवढा होता, खालचा दाब ध्वनी मंदावताना धरला की पूर्ण थांबल्यावर, हे कोठे लिहावयाचे याचा आराखडा आधी ठरवावा लागतो. 'ओपनईएचआर' या मुक्त आंतरराष्ट्रीय मानकात अशा आराखड्यास 'आर्किटाइप' म्हणतात. अनेक देशांतील डॉक्टर व तंत्रज्ञ तो विचारविनिमयाने सिद्ध करतात आणि गरजेनुसार पालटतातही.

पूर्वी आर्किटाइपच्या नावात 'व्ही १' असा एकच अंक असे. मोठा फेरबदल झाला तरच तो पालटे. त्याखालील लहान सुधारणा नावावरून कळत नसत. पुढे सॉफ्टवेअर-जगतातील तीन अंकांची पद्धत स्वीकारली गेली. वर्णनातील अशुद्ध शब्द सुधारला तर तिसरा अंक वाढतो. पट्ट्याच्या मापाचा ऐच्छिक रकाना जोडला तर दुसरा वाढतो. तोच रकाना अनिवार्य केला तर मात्र पहिला, कारण जुन्या नोंदी नव्या आराखड्यात बसेनाशा होतात. आपल्या भाषेत सांगायचे तर शुद्धिपत्र, भर घातलेली आवृत्ती आणि नवी आवृत्ती!

येथवर ठीक. परंतु डॉक्टरांनी एखादी नोंद सुधारली की जुनी पुसली न जाता नवी तिच्यावर रचली जाते, तीही 'व्हर्जन'च. 'स्नोमेड सीटी' हा वैद्यकीय संज्ञासंग्रह वेळोवेळी नव्याने प्रसिद्ध होतो, तेही 'व्हर्जन'. रुग्णालयातील सॉफ्टवेअरचे तर असतेच असते.

समजा, एका रुग्णाच्या नोंदीत 'पेनिसिलिनची ॲलर्जी : होय' असे आहे. उद्या आराखडा पालटला आणि 'संशयित' व 'सिद्ध' असे दोन निराळे पर्याय आले. जुने 'होय' कोणत्या पर्यायात घालावयाचे? ती नोंद कोणत्या आराखड्यावर लिहिली गेली हे ठाऊक असेल, तर संगणक निदान थांबून विचारील. ठाऊक नसेल, तर एक तर नाहक एक उपयुक्त औषध नाकारले जाईल किंवा इशाराच गळून पडेल. दुसरी शक्यता जीवघेणी आहे.

भारतात हा विषय दूरचा राहिलेला नाही. आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये रुग्णनोंदींची मानके प्रसृत केली व २०१६ मध्ये ती सुधारली. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले. त्याचे आराखडे 'फायर' मानकाच्या चौथ्या प्रकाशनावर आधारले गेले. पाचवे २०२३ मध्ये आले. जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या निदानसंज्ञांना जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी-११' मध्ये स्थान मिळाले, म्हणजे वैद्यांच्या नोंदीही या चक्रात येणार.

या मानकांचे राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे, हा योग अर्थपूर्ण वाटतो. याच पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. कोणता पाठ कोणत्या पोथीतला, हे तळटीपेत नोंदविल्याविना तेथे पाठभेद छापला जात नसे. तीच शिस्त येथे हवी. चार गोष्टींना चार नावे द्यावीत : रुग्णाच्या नोंदीचा 'पाठ', आराखड्याची 'आवृत्ती', संज्ञासंग्रहाचे 'प्रकाशन' आणि सॉफ्टवेअरचा 'क्रमांक'. यांहून चांगले शब्द कोणी सुचविल्यास आनंदच आहे. मात्र एकाच शब्दावर चौघांचा भार नको.

डॉक्टरांना एवढा वेळ कोठला, असा आक्षेप येईल. डॉक्टरांनी काहीच लिहावयाचे नाही. आराखड्याचे तिन्ही अंक प्रत्येक नोंदीसह यंत्राने आपोआप नोंदवावेत आणि नोंद दुसऱ्या रुग्णालयात जाताना ते सोबत जावेत, ही अट शासकीय व धर्मादाय रुग्णालयांनी सॉफ्टवेअर खरेदीच्या निविदेतच घालावी.